टिंबापलीकडचे चेंडू

४८.२! क्रिकेट पाहणाऱ्या माणसाला हा आकडा समजावून सांगावा लागत नाही. २ एप्रिल २०११, वानखेडे, श्रीलंकेच्या २७४ धावांचा पाठलाग, कुलशेखराचं षटक आणि धोनीचा तो षटकार. धावफलकावर भारत ४ बाद २७७, षटकं ४८.२. इतकी वर्षं मी हे ‘अठ्ठेचाळीस पॉइंट दोन’ असं एका दमात म्हणत आलो. पण तो एक आकडा नाहीच हो! ते दोन आकडे आहेत, शेजारी शेजारी उभे, मध्ये फक्त एक टिंब. डावीकडे पुरी झालेली षटकं, उजवीकडे एकोणपन्नासाव्या षटकात टाकलेले चेंडू. तो षटकार म्हणजे त्या आकड्यातला शेवटचा २! आणि हे दोन आकडे एकमेकांपासून अलग करायला संगणकाला एक ओळ पुरते. ती ओळ एका सामन्यावर चालवा, नाहीतर कपाटभर वह्यांमधल्या सगळ्या सामन्यांवर चालवा, तिला काही फरक पडत नाही. हे कळल्यापासून मला दुसरं काही सुचत नाहीये. घरच्यांनी ऐकून घेणं बंद केलंय, म्हणून तुमच्याकडे आलो.

मी मैदानावरचा स्कोअरर. बँकेतली नोकरी संपली तरी स्कोअरबुक सुटलं नाही. जुन्या स्पर्धांच्या वह्या माझ्याकडे पडून होत्या, आणि पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये काम करणाऱ्या भाचीने त्यातल्या गोलंदाजीच्या नोंदी माझ्याकडून संगणकात भरून घेतल्या. प्रत्येक ओळीत गोलंदाजाचं नाव, षटकं, निर्धाव, धावा, बळी. षटकांच्या रकान्यात आपण लिहितो तसंच: ९.४, ८.५, १०, ७.१. एवढं झाल्यावर मला हवं होतं ते अगदी साधं. एका गोलंदाजाने मोसमभरात एकूण किती चेंडू टाकले? कारण चेंडू कळल्याशिवाय स्ट्राइक रेट नाही, आणि स्ट्राइक रेटशिवाय कट्ट्यावरच्या वादात दम नाही.

आता गंमत बघा. ९.४ आणि ८.५ यांची सरळ बेरीज केली की येतात १७.९. सतरा षटकं आणि वर नऊ चेंडू! असं षटक जगातल्या कुठल्याही पंचाने मोजलेलं नाही. खरी बेरीज अशी की ९.४ म्हणजे ५८ चेंडू, ८.५ म्हणजे ५३, मिळून १११, म्हणजे १८.३ षटकं. आम्ही स्कोअरर मंडळी हे बोटांवर करतो, एका सामन्यापुरतं. मोसमाचं करायला बसलं की बोटं पुरत नाहीत. वानखेडेच्याच सामन्यात बघा ना, २७७ ला ४८.२ ने भागलं तर षटकामागे ५.७५ धावा येतात, पण खरा धावांचा वेग ५.७३ आहे, कारण ४८ षटकं २ चेंडू म्हणजे २९० चेंडू, म्हणजे ४८ पूर्णांक एक तृतीयांश षटकं. एवढ्याशा फरकाने काय होतं, असं म्हणणाऱ्याने साखळी स्पर्धेत नेट रन रेटवर बाहेर पडलेल्या संघाच्या कप्तानाला जाऊन विचारावं.

भाची म्हणाली, ‘मामा, तू हे हाताने का करतोयस? क्वेरी लिही ना.’

क्वेरी म्हणजे डेटाबेसला विचारलेला प्रश्न. तो विचारायची भाषा एसक्यूएल. एडगर कॉड यांनी १९७० मध्ये मांडलेल्या कल्पनेवर आयबीएमच्या लोकांनी ती बांधली आणि आज बँकेपासून रेल्वेच्या आरक्षणापर्यंत सगळीकडे तीच चालते. म्हणजे बँकेत मी आयुष्यभर तिच्याच शेजारी बसलो होतो आणि आमची ओळख कुणी करून दिली नव्हती! भाचीने माझ्या लॅपटॉपवर पोस्टग्रेस बसवून दिलं. फुकट मिळतं, बर्कलीच्या विद्यापीठात १९८६ मध्ये त्याची सुरुवात झाली. आणि पहिला धक्का इथेच बसला. पोस्टग्रेसमध्ये तक्त्याचं नाव चक्क देवनागरीत देता येतं! माझ्या तक्त्याचं नाव ‘गोलंदाजी’, रकान्यांची नावं ‘गोलंदाज’, ‘षटके’, ‘बळी’. हुकमाचे शब्द तेवढे रोमन अक्षरांत टाइप करायचे आणि आकडेही इंग्रजीच लागतात, आपला ४ त्याला आकडा वाटत नाही. पण बाकी मराठी. मी इथे सगळंच देवनागरीत लिहितो, म्हणजे वाचायला बरं.

तर ती ओळ:

सिलेक्ट ट्रंक(षटके), मॉड(षटके, १) फ्रॉम गोलंदाजी;

एंटर दाबलं. ९.४ च्या जागी दोन रकाने आले, एकात ९, दुसऱ्यात ०.४. खाली ८ आणि ०.५. खाली १० आणि ०. सगळ्या वहीचे, पानामागून पान, टिंबाच्या जागी चिरलेले आकडे! मी खुर्चीतून उठलोच.

ट्रंक समजायला सोपं आहे. टिंबापासून पुढचं छाटून टाक, उरलेलं दे. पण मॉडने मला खरं वेड लावलं. मॉड म्हणजे बाकी. १७ ला ५ ने भागलं की बाकी २, ती बाकी. आता शाळेत आपल्याला कुणी कधी एकाने भागून बाकी काढायला सांगितली आहे का? नाही, कारण कुठल्याही पूर्ण संख्येला १ ने भागलं की बाकी शून्यच, विचारायचंय काय त्यात. पण संख्या दशांशातली असेल तर? ९.४ मध्ये १ पूर्ण नऊ वेळा जातो आणि ०.४ उरतात! शेपटी आपोआप हातात येते. हा प्रश्न इतका भाबडा आहे की शाळेत कुणी विचारला नाही, आणि इतका कामाचा आहे की आता मी दिवसाला कितीदा तरी विचारतो.

पुढचं मग भराभर झालं. डावा भाग गुणिले ६, उजवा भाग गुणिले १०, दोन्हींची बेरीज, की चेंडू हातात. ९ गुणिले ६ म्हणजे ५४, ०.४ गुणिले १० म्हणजे ४, एकूण ५८. आणि हे प्रत्येक ओळीसाठी करून गोलंदाजागणिक बेरीजही त्याच दमात:

सिलेक्ट गोलंदाज, सम(ट्रंक(षटके) * ६ + मॉड(षटके, १) * १०) फ्रॉम गोलंदाजी ग्रुप बाय गोलंदाज;

शेवटचे तीन शब्द ‘ग्रुप बाय गोलंदाज’ म्हणजे ज्याचं त्याच्या खात्यात टाक. बँकेत आम्ही लेजर पोस्टिंग म्हणायचो ते हेच, आणि त्यासाठी आख्खी संध्याकाळ जायची. इथे चेंडूंची संख्या, शेजारी बळी, एकाला दुसऱ्याने भागलं की स्ट्राइक रेट. उलट जायचं असेल, म्हणजे १११ चेंडूंवरून षटकं हवी असतील, तर डिव्ह(१११, ६) म्हणजे १८ आणि मॉड(१११, ६) म्हणजे ३. अठरा पॉइंट तीन. नुसतं १११ भागिले ६ करू नका, दशांशाच्या हिशेबात ते १८.५ येतं, आणि तेही बरोबरच आहे! अठरा षटकं तीन चेंडू म्हणजे साडेअठरा षटकं. एकच गोष्ट, एकदा १८.३ आणि एकदा १८.५, दोन्ही खरे. या वाक्यापाशी मी बराच वेळ थांबलो होतो, तुम्हीही थांबा.

कारण सगळी मेख इथेच आहे. टिंबाच्या पलीकडे जे असतं ते दोन जातींचं असतं. एक म्हणजे खराखुरा अपूर्णांक, एकाचा तुकडा. १८.५ मधला पाच हा अर्धा आहे. दुसरी जात म्हणजे वेशांतर केलेली पूर्ण संख्या, जिला नुसतं टिंबाच्या आडोशाला उभं केलंय. १८.३ मधला तीन हा तीन चेंडू आहे. दिसायला दोघी सारख्या, संगणकालाही सारख्याच. कुठली कोण हे त्याला कळत नाही, सांगायचं आपण. अपूर्णांक असेल तर शेपटीला लहान मापाने गुणायचं, ०.५ गुणिले ६ म्हणजे ३ चेंडू. वेशांतर असेल तर गुणाकार फक्त टिंब हटवण्यापुरता, ०.३ गुणिले १०. बस. या एका भेदाच्या जोरावर मी गेले काही दिवस जे दिसेल ते चिरत सुटलोय.

जमीन घ्या! आपल्याकडे बोलायला एकर-गुंठे आणि सातबाऱ्यावर हेक्टर-आर. हेक्टरचा कारभार बघा किती सरळ. १०० चौरस मीटरचा एक आर, १०० आरचा एक हेक्टर. म्हणून १.२५५० हेक्टर म्हणजे १ हेक्टर २५ आर ५० चौरस मीटर. दोन दोन आकडे मोजून घ्यायचे, संपलं. इथे अपूर्णांक आणि वेशांतर एकच होऊन जातात, कारण माप शंभराचं आणि दशांश दहाचा, दोघांचं पटतं. पण गुंठे ४० झाले की एकर होतो. मग कुणी कागदाच्या कोपऱ्यात २.३५ एकर असं लिहून ठेवलं असेल, तर ते काय? गावाकडच्या रीतीने २ एकर ३५ गुंठे. शहरातल्या मुलाने कॅल्क्युलेटरवर वाचलं तर ०.३५ गुणिले ४०, म्हणजे २ एकर १४ गुंठे. फरक २१ गुंठ्यांचा! एक गुंठा १,०८९ चौरस फुटांचा, म्हणजे २२,८६९ चौरस फूट जमीन एका टिंबाच्या वाचनावर इकडची तिकडे. भावाभावांत कोर्टकज्जे व्हायला याहून कमी कारणं पुरलेली आहेत.

शेपटी काढायची आणखी एक तऱ्हा आहे, स्प्लिट_पार्ट. ती संख्येला संख्या मानतच नाही, अक्षरांची ओळ मानते. ‘२.३५’ या मजकुरात टिंब शोध, त्याच्या आधीचा तुकडा एक, नंतरचा तुकडा दोन. पाहून वाटतं, अरे हेच तर हवंय, मॉडबिड कशाला. पण मजकुरातल्या शून्याचं काय करायचं? एक्सेलच्या साध्या रकान्यात २.३० टाकलं की तो शेवटचं शून्य गिळतो आणि २.३ दाखवतो. तिथून आलेल्या मजकुराला स्प्लिट_पार्ट लावलं तर तीस गुंठ्यांचे तीन गुंठे होतात! आणि २.०३ मधल्या ‘०३’ चेही तीनच होतात. मॉड मात्र संख्या ओळखतो. २.३ असो की २.३०, त्याची शेपटी ०.३, गुणिले १०० म्हणजे ३०. आणि २.०३ ची शेपटी ०.०३, म्हणजे ३. अर्थात समोरच्याने तीन गुंठ्यांसाठी २.३ लिहिलं असेल तर दोन्ही तऱ्हा हतबल, तिथे लिहिणाऱ्यालाच गाठावं लागतं.

आता साखळी बघा, मला सगळ्यात आवडलेली. १.२५५० हेक्टरचे एकर करायचे तर २.४७१०५ ने गुणायचं. आले ३.१०११७. ट्रंक लावा, ३ एकर. शेपटी ०.१०११७, हा खरा अपूर्णांक, त्याला ४० ने गुणा, आले ४.०४६७. पुन्हा ट्रंक, ४ गुंठे. पुन्हा शेपटी, तिला १६ ने गुणा, कारण गुंठ्याचे आणे सोळा, आले ०.७५. तीन एकर चार गुंठे पाऊण आणा! तोडा, उरलेलं गुणा, पुन्हा तोडा. एकाच हुकमात हे तिन्ही टप्पे एकापुढे एक लिहिता येतात आणि तक्त्यातल्या प्रत्येक गटाचं क्षेत्र एकदम उलगडतं. आणि ही साखळी फक्त जमिनीची नाही. अंशाला ६० ने गुणा, मिनिटं. शेपटीला पुन्हा ६० ने, सेकंद. भारताची प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशाची, ती ट्रंकने चिरली की ८२ अंश ३० मिनिटं. तासाला पृथ्वी १५ अंश फिरते, म्हणून ८२.५ भागिले १५, आले ५.५. पुन्हा चिरा, ५ तास ३० मिनिटं. ग्रिनिचच्या पुढे साडेपाच तास, हे आपण लहानपणापासून पाठ म्हणतो, ते माझ्या पडद्यावर दोन भागाकारांत उगवलं! नेपाळचं घड्याळ ५.७५, म्हणजे ५ तास ४५ मिनिटं. मग मी जगभरची घड्याळं तक्त्यात भरत सुटलो आणि न्यूफाउंडलंडला येऊन आपटलो.

कॅनडाच्या पूर्व टोकाचं हे बेट ग्रिनिचच्या मागे आहे, उणे ३.५. आणि उणे संख्या चिरताना दोन सुऱ्या दोन तऱ्हेने चालतात. ट्रंक शून्याच्या दिशेने छाटतो, म्हणून उणे ३, शेपटी उणे ०.५. उणे तीन तास तीस मिनिटं, अगदी बरोबर. पण फ्लोअर नावाची दुसरी सुरी आहे, ती नेहमी खालच्या मजल्यावर उतरते. ५.५ ला ती ५ देते, ट्रंकसारखंच, म्हणून संशय येत नाही. उणे ३.५ ला ती देते उणे ४! कारण उणे साडेतीनच्या खालचा मजला उणे चारच. (फ्लोअर आणि सीलिंग ही नावं आणि त्यांची चिन्हं केनेथ आयव्हरसन यांनी १९६२ च्या आपल्या पुस्तकात आणली. तळमजला आणि छत, गणितवाल्यांना इतकी घरगुती नावं सुचतात हे मला ठाऊकच नव्हतं.) उणे ४ च्या पुढे शेपटी उरते अधिक ०.५. घाईत ‘उणे चार तास तीस मिनिटं’ असं लिहिलं की त्या बेटावरचं घड्याळ तासभर चुकलं.

मी भाचीला म्हटलं, मग हा फ्लोअर हवाच कशाला? उणे संख्येत फसवतो तो. ती म्हणाली, ‘मामा, तू सायन्सला होतास ना? लॉग टेबल आठव.’

लॉग टेबल! बारावी सायन्सच्या प्रॅक्टिकलला बसलेल्या कुणालाही विचारा. २०० चा लॉग २.३०१०. २० चा १.३०१०. २ चा ०.३०१०. आणि ०.०२ चा? कॅल्क्युलेटर म्हणतो उणे १.६९९०, पण आपण परीक्षेत लिहायचो ‘बार टू पॉइंट थ्री झीरो वन झीरो’. दोनाच्या डोक्यावर आडवी रेघ! ती रेघ काय आहे हे मी तेव्हा पाठ केलं होतं. काय म्हणून, ते आज कळलं. टेबलात शेपट्या छापलेल्या असतात त्या सगळ्या अधिक. म्हणून उणे १.६९९० असं मांडायचं की शेपटी अधिकच राहिली पाहिजे: उणे २ अधिक ०.३०१०. म्हणजे फ्लोअर! डोक्यावरच्या रेघेखालचा २ हा फ्लोअरने काढलेला आकडा आहे. मी लगेच टाइप केलं:

सिलेक्ट फ्लोअर(लॉग(०.०२)), लॉग(०.०२) - फ्लोअर(लॉग(०.०२));

उणे २. शेजारी ०.३०१०२९९ आणि पुढे आकड्यांची रांग. मग ०.०२ च्या जागी २०० टाकलं. २, आणि शेजारी तीच शेपटी. २० टाकलं. १, आणि तीच शेपटी. हेन्री ब्रिग्ज यांनी १६१७ मध्ये दहाच्या पायावरचं पहिलं लॉग कोष्टक छापलं तेव्हापासून माणसं संख्यांना याच जागी चिरत आलीत, मँटिसा एकीकडे आणि कॅरॅक्टरिस्टिक दुसरीकडे. मी सतरा वर्षांचा असताना, प्रयोगशाळेत, लंबकाचं गणित करताना, हातात पेन्सिल धरून हेच करत होतो! घड्याळाला ट्रंक हवा, लॉगला फ्लोअर हवा, दोघंही आपापल्या जागी खरे. आमच्या सरांनी एकदा जरी सांगितलं असतं ना.

‘पूर्णांक कर’ असा थेट हुकूमही आहे, त्याला कास्ट म्हणतात. त्याच्यापासून जपून. पोस्टग्रेसला ८.५ चा पूर्णांक कर म्हटलं तर तो ९ देतो, कारण तो जवळच्या संख्येकडे जातो आणि बरोबर अर्धा असेल तर वरच्या. मायक्रोसॉफ्टचा एसक्यूएल सर्व्हर तोच हुकूम ऐकून ८ देतो, कारण तो छाटतो. एकाच भाषेच्या दोन बोली, आणि पाच चेंडूंचं षटक एका ठिकाणी पुरं, दुसऱ्या ठिकाणी गायब. ट्रंक म्हटलं की निदान पोस्टग्रेस आणि ओरॅकल या दोघांनाही तेच कळतं. मायएसक्यूएलमध्ये त्याचं नाव ट्रंकेट आहे आणि किती घरं ठेवायची ते त्याला वेगळं सांगावं लागतं.

आणि पैशांचं काम करणाऱ्यांनी एक गोष्ट करून बघाच. पोस्टग्रेसमध्ये दशांश ठेवायचे दोन प्रकारचे रकाने असतात. न्यूमेरिक हा आपल्यासारखा दहाच्या पायावर हिशेब ठेवतो. डबल प्रिसिजन दोनाच्या पायावर. त्या दुसऱ्यात ०.२९ रुपये ठेवा, पैसे करायला १०० ने गुणा. २९ यायला हवेत. येतात २८.९९९९९९९९९९९९९६! वर फ्लोअर लावलात तर २८ पैसे. एक पैसा हवेत. ०.२९ ही संख्या दोनाच्या पायावर तंतोतंत लिहिताच येत नाही, जशी आपल्याला एक तृतीयांश दशांशात लिहिता येत नाही, ०.३३३ करत बसावं लागतं. बँकेत दिवसअखेरीला एक पैसा जुळत नाही म्हणून थांबलेली माणसं मी पाहिलीत. म्हणून पैशाला न्यूमेरिक, षटकांना न्यूमेरिक, मोजणीच्या जमिनीला न्यूमेरिक. मॉडही डबल प्रिसिजनवर चालत नाही, पोस्टग्रेस सरळ सांगतो की असं काही फंक्शन माझ्याकडे नाही. चांगलं करतो.

आता खरी करमणूक. शेपटी हातात आली की तिच्यावर अटही घालता येते. मी लिहिलं, ज्या ओळींत मॉड(षटके, १) हा ०.६ किंवा त्याहून मोठा असेल त्या ओळी दाखव. सहा चेंडूंचं षटक, म्हणजे टिंबानंतर ५ च्या पुढे काही असूच नये. तरी आल्या ओळी! एकीकडे ७.६, एकीकडे ४.६. त्या त्या पानांवर जाऊन पाहिलं तर सहावा चेंडू पडला होता, षटक संपलं होतं, आणि स्कोअररने ८ लिहायच्या ऐवजी ७.६ लिहून पान उलटलं होतं. वर्षानुवर्षं त्या वहीत झोपलेल्या नोंदी एका ओळीने उठवून उभ्या केल्या. भाचीने मग तक्त्यावर पहाराच बसवून दिला. त्याला चेक म्हणतात. आता कुणी ७.६ टाकायला गेलं की तक्ता ती ओळ आतच घेत नाही, वर लाल अक्षरांत कारण दाखवतो. मी मुद्दाम टाकून बघतो अधूनमधून. बरं वाटतं.

पण थांबा, ७.६ नेहमीच चूक असतं असं नाही! १९७७-७८ मध्ये बिशनसिंग बेदीचा संघ ऑस्ट्रेलियात गेला होता. मेलबर्नला चंद्रशेखरने पहिल्या डावात ५२ धावांत ६ बळी घेतले आणि दुसऱ्या डावात पुन्हा ५२ धावांतच ६. त्या काळी ऑस्ट्रेलियात षटक आठ चेंडूंचं असायचं, १९७८-७९ चा मोसम संपेपर्यंत. तिथल्या धावफलकात टिंबानंतर ६ आणि ७ दोन्ही राजरोस येतात. माझ्या ओळीतला ‘गुणिले ६’ तिथे नापास. मग मी तक्त्यात एक रकाना वाढवला, नाव ठेवलं ‘पाया’. साधारण सामन्यांना त्यात ६, त्या मालिकेला ८. ओळ झाली ट्रंक(षटके) * पाया + मॉड(षटके, १) * १०, आणि पहाराही ६ च्या ऐवजी ‘पाया’ बघायला लागला. एवढं लिहून झालं आणि मला जाणवलं की या रकान्यात काहीही मावतं. गुंठ्यांचे ४०. मिनिटांचे ६०. आण्यांचे १६!

आणे म्हटल्यावर मी माळ्यावर चढलो. आजोबांची कीर्द आहे आमच्याकडे, १ एप्रिल १९५७ ला दशमान नाणी येण्याच्या कितीतरी आधीची, रुपये-आणे-पै यांत मांडलेली. १६ आण्यांचा रुपया, १२ पैंचा आणा. तिच्यात टिंब नाही, आडव्या रेघा आहेत, ३-६-४ अशा. स्प्लिट_पार्टला टिंब काय आणि रेघ काय! त्याला रेघेवर चीर म्हणून सांगितलं, तीन तुकडे मिळाले. ३ गुणिले १९२, अधिक ६ गुणिले १२, अधिक ४. ६५२ पै. भागिले १९२, म्हणजे आजच्या दशांशात ३.३९५८, जवळजवळ तीन रुपये चाळीस पैसे. आजोबांचा खर्च माझ्या पडद्यावर, नव्या पैशांत! अजून सगळी वही भरायची आहे. मी उत्साहाने पानांचे फोटो भाचीला पाठवले. तिचा निरोप आला, ‘मामा, यातली मोडी वाचणार कोण?’

आकडे वाचता येतात मला. ते भरायला घेतलेत, खर्च कशावर झाला ते मागाहून बघू.